हळदीचं बोट लावलेली नळी

मामा,

तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा सुनेनं सासऱ्याला पत्र लिहायचा प्रश्नच नव्हता. तुम्ही ओसरीवर, मी स्वयंपाकघरात, मध्ये एक पडदा आणि सासूबाईंचा, आमच्या आत्याबाईंचा आवाज. तो आवाज ओलांडून जे काही बोललो ते बॅडमिंटनच्या फुलांच्या निमित्तानंच. काल क्लबात एक गोष्ट कानावर आली, आणि ती तुमच्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. ह्यांना सांगितली तर हसतील, म्हणतील, पन्नास वर्षांपूर्वीच्या पिसांचं काय घेऊन बसलीस. म्हणून तुम्हाला सांगते. घाबरू नका, वाईट काही नाही. काल घरी परतले ती इतकी हलकी होऊन परतले की जिना चढताना गुडघासुद्धा दुखायचं विसरला.

लग्न होऊन आले त्या महिन्यात माझी ट्रंक माळ्यावर चढवताना झाकण उघडलं आणि जुन्या साडीत गुंडाळलेली रॅकेट बाहेर आली. जेऊरच्या शेतकऱ्याची मुलगी मी. सोलापुरात वसतिगृहात राहून कॉलेजची दोन वर्षं केली, तिथं खेळायला शिकले आणि लग्न ठरल्यावर ते सगळं ट्रंकेत भरून टाकलं. आत्याबाईंनी रॅकेटीकडे असं पाहिलं, जणू सुनेनं माहेराहून सोटा आणलाय. तुम्ही ती हातात घेतलीत, एक डोळा मिटून दांड्यावरून नजर टाकलीत आणि म्हणालात, "वाकलीय की जरा. हिला प्रेस न्हाय का?" मी मान हलवली. "खेळतीस?" "खेळत होते." "होते कशाला? हात मोडलाय काय?" दुसऱ्या दिवशी मिलमधून येताना चार स्क्रूची लाकडी चौकट घेऊन आलात, रॅकेट तीत आवळलीत आणि खुंटीला टांगलीत. महिनाभरात रॅकेट सरळ झाली. खेळायला जागा मात्र नव्हती. तुमचा क्लब पुरुषांचा. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं, तिथं बाई कधी आली नव्हती एवढंच.

तुम्ही मिलच्या स्टोअरला आणि संध्याकाळी क्लबाचे चिटणीस. क्लब म्हणजे पत्र्याच्या छपराखाली एक कोर्ट, दोन बाकं, एक कपाट आणि एक माठ. पण बाणा केवढा! खेळायचं तर पिसांच्याच फुलानं, प्लास्टिकचं फूल दाराच्या आत येणार नाही. आणि आपल्याकडची हवा अशी की फाल्गुन लागला की पीस पापडासारखं कडकडतं. चार जोराचे फटके बसले की दोन पिसं गळालीच. त्यावरचा उपाय तुम्ही मिलमधून आणलात. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून कताई खात्यात हवेत पाण्याचे फवारे सोडतात. मग पिसाला वाफ का नको? खेळाच्या आदल्या दिवशी, फुलं ज्यात येतात त्या पुठ्ठ्याच्या नळीची दोन्ही झाकणं काढायची, बूच वर आणि पिसं खाली अशी नळी उकळत्या पाण्यावर धरायची, दहा आकडे मोजायचे, झाकणं लावायची आणि माठाच्या शेजारी गारव्याला ठेवायची. वाफ जास्त झाली तर बुचाचा सरस सुटतो, म्हणून घाई नाही आणि हातात नळी असताना गप्पाही नाहीत. हे काम तुम्ही मला शिकवलंत. माझी पहिली नळी उघडून पिसांवरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "तुझा हात हलका हाय."

आत्याबाईंनी घर डोक्यावर घेतलं. आपण लिंगायत माणसं, अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. "मेल्या पाखराची पिसं माझ्या चुलीवर? साकु! पुरे झालं!" चिडल्या की त्या कानडीत शिरायच्या आणि मग तुम्हीसुद्धा गप्प. शेवटी तह झाला. मागच्या पडवीत रॉकेलचा वेगळा स्टो, वेगळं पातेलं, आणि वाफ दिलेल्या प्रत्येक नळीला आत येण्याआधी हळदीचं एक बोट. तेवढ्यानं पाखराचा दोष जातो असं त्यांचं म्हणणं. तुम्ही हसत कबूल झालात, कारण तुमचीही सोय झाली. बोट असलेली नळी तयार, नसलेली कोरडी. बोट लावायचं मी, उजव्या हाताच्या अनामिकेनं. क्लबातल्या कुणाला त्या पिवळ्या डागाचा अर्थ माहीत नव्हता. तो तुमचा आणि माझा होता.

आणीबाणी उठली तो उन्हाळा. एक दिवस तुम्ही क्लबातून आलात आणि पडद्याशी उभं राहून म्हणालात, "दुपारी चार ते पाच कोर्ट वसाड पडलेलं असतंय. आठवड्यातून दोन दिवस बायकांना द्या म्हणालो." माझ्या हातात भाकरीचं पीठ होतं, ते तसंच राहिलं. "मग?" "मग काय. डॉक्टर म्हणाले, द्यायला ना न्हाय, पण शिकाऊ हात, एका तासात नळी फस्त करतील. हंसाच्या पिसांची फुलं असली उधळायला परवडायची न्हाईत." डॉक्टर म्हणजे क्लबाचे अध्यक्ष, माणूस वाईट नव्हता. पुण्याहून येणारी हंसाची फुलं खरंच महाग होती. पुरुषांतलेसुद्धा दोन-चार नोकरदार त्यापायी येईनासे झाले होते. तुम्ही तिथंच पैज लावून आलात. बदकाच्या पिसांची फुलं बंगालकडून येतात, पुष्कळ स्वस्त. ती मागवू, एका रविवारी सकाळी दोन्ही फुलांनी सारखे गेम खेळू, कोणतं किती टिकतं ते लिहून काढू. स्वस्तातली जवळपास तेवढीच टिकली तर सगळा क्लब तीच वापरेल आणि बायकांना तास मिळेल. नाही टिकली तर विषय पुन्हा काढायचा नाही. मी, हातमागवाल्यांच्या घरातली एक तेलुगू बोलणारी शेजारीण आणि मुलींच्या शाळेतल्या दोन बाई, आम्हा चौघींचं खेळणं त्या बदकांच्या पंखांवर येऊन बसलं.

तीन ठिकाणचे नमुने पार्सलनं आले. तो ओसरीवरचा दुपारचा तास मला अजून जसाच्या तसा दिसतो. तुम्ही सतरंजीवर मांडी घालून बसला आहात, चष्मा कपाळावर, आणि मला समोर बसवलं आहे. आत्याबाई दारात, नाकाला पदर. तुम्ही एक फूल उजेडाकडे धरता. "मोज. सोळा हाईत का? आता वाक बघ. सगळी पिसं एकाच अंगाला वाकलीत का? एखादं उलट्या पंखाचं घुसलं की फूल डगमगतंय." मग बुचावर नख दाबून बघता, आत चुरा आहे की अख्खं बूच. मग आतला वजनाचा नंबर. "उन्हाळ्यात फूल लई पळतंय, म्हणून हलका नंबर घ्यायचा. थंडीतला नंबर आता आणला तर भिंतीवर जाऊन आदळंल." पहिल्या नमुन्याची फुलं शुभ्र, बगळ्यासारखी. मला तीच आवडली. तुम्ही बाजूला सारलीत. "लई पांढरं म्हणजे धुऊन काढलेलं. ब्लीच मारलं की सूत मरतंय, तसं पीसबी मरतंय." दुसऱ्याचं बूच दबलं. तिसरी फुलं मळकी, पिवळट, दिसायला अगदीच कशीतरी. ती तुम्ही गोल फिरवलीत, कानाशी नेऊन पिसावर टिचकी मारलीत आणि माझ्या हातात दिलीत. "महाग ते चांगलंच असतंय असं न्हाय, आणि स्वस्त ते टाकाऊच असतंय असंबी न्हाय. हात लावून बघायचं, मग बोलायचं." मी विचारलं, "टिकतील?" तुम्ही म्हणालात, "ते रविवारी फुलंच सांगतील की."

तुमचं हेच मला पटत नव्हतं, मामा. फुलं सांगतील! आणि त्यांनी उलटं सांगितलं तर? तुम्ही पुन्हा संध्याकाळी खेळायला जाल, माझी रॅकेट मात्र जन्मभर खुंटीवर.

शनिवारी तुम्हाला मंद्रूपला लग्नाला जायचं होतं. निघताना एक हंसाची आणि एक बदकाची अशा दोन नळ्या माझ्याकडे दिल्यात. "दोन्हीला सारखी वाफ. सारखीच हं. मी डॉक्टरांना शब्द दिलाय, दोन्ही माझ्या घरात सारख्या वाढतील म्हणून." आत्याबाईही तुमच्याबरोबर गेल्या, हे फिरतीवर होते. घरात मी एकटी. बदकाची नळी मी इतक्या मायेनं वाफवली की दहा आकडे मोजताना मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. हंसाची नळी उचलली आणि पातेल्यापर्यंत नेली. तिथंच थांबले. मग ती तशीच घेऊन परसात गेले, झाकणं काढली आणि न्हाणीघराच्या तापलेल्या पत्र्यावर दुपारभर ठेवून दिली. सोलापूरचं वैशाखातलं ऊन! संध्याकाळी नळी खाली घेतली तेव्हा आत पिसं खरखर वाजत होती. आणि मग, मामा, मी दोन्ही नळ्यांना हळदीचं बोट लावलं. उन्हात ठेवताना मला काही वाटलं नव्हतं. बोट लावताना मात्र उठून मागचं दार लावून घेतलं, एवढं नक्की आठवतं.

रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं तुम्ही परत आलात, चहा घेतलात, नळ्या पिशवीत घातल्यात आणि क्लबाकडे गेलात. मी वरण लावलं, भात लावला आणि दाराकडे कान देऊन बसले. दुपारी तुम्ही आलात. चप्पल काढायच्या आधी म्हणालात, "हंसाची जरा जास्त टिकली. पण लई न्हाय, जराच. डॉक्टर म्हणाले, बदकाची चालतील. बुधवार आणि शनिवार, चार ते पाच, तुमचा तास." मी रडायला लागले. तुम्ही पडद्याशीच थबकलात. "आता रडायला काय झालं? मिळालं की खेळायला." मी घाईघाईनं भाताचं झाकण उचललं आणि म्हणाले, "डोळ्यांत वाफ गेली." तुम्ही "पाणी मार डोळ्यांवर" म्हणालात आणि आंघोळीला गेलात.

मी का रडले ते आता सांगते. तुम्ही म्हणालात, हंसाची जरा जास्त टिकली. उन्हात वाळवून खडखडीत केलेली फुलं, तरीसुद्धा ती जास्त टिकली! म्हणजे त्यांना नीट वाफ दिली असती तर बदकांचा पार धुव्वा उडाला असता, हा हिशेब मी भाताच्या पातेल्यापाशीच करून टाकला. म्हणजे तुमची पारख चुकली होती, आणि माझ्या लबाडीनं ती बरोबर ठरली. सगळा क्लब खोट्या निकालावर कमअस्सल फुलं वापरणार होता, आणि आमचा तास चोरीचा होता. तुम्ही तर गल्लीभर सांगत होतात की दोन्ही नळ्यांना सारखी वाफ दिली होती.

पुढच्या शनिवारी तुम्ही नेहमीसारख्या नळ्या आणून दिल्यात. मी हळदीचा डबा काढला तर म्हणालात, "ते बोट राहू दे आता. तू दिली म्हणालीस की दिली." आत्याबाई आतून कडाडल्या, पाखराच्या दोषाचं काय? तुम्ही त्यांना म्हणालात, "दोष माझ्या डोक्यावर घाल." मला वाटलं, डागांचा कंटाळा आला असेल. पुढं तुम्ही होतात तोवर दर आठवड्याला विचारायचात, "दिली?" आणि मी म्हणायची, "दिली." बस, एवढंच. त्यानंतर मी एकाही नळीबद्दल खोटं बोलले नाही. ताप आला असतानाही उठून स्टो पेटवलाय. पण आधीचं एक खोटं तसंच राहिलं. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं, बुधवारी कोर्टावर पाय ठेवला की पहिल्या फटक्याला ते आठवायचंच. सांगावं असं शंभरदा मनात आलं. एकदा तुम्ही आजारी होतात, मी पाय चेपत होते, तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं. तुम्हीच म्हणालात, "जा, चार वाजत आले, बाया वाट बघत असतील." मी उठून गेले.

बायकांचा तास वाढत गेला. चौघींच्या चाळीस झाल्या, सुना आल्या, मग त्यांच्या मुली. दोघी-तिघी जिल्ह्यातून पुढं राज्यापर्यंत खेळून आल्या. काल क्लबानं त्या तासाच्या पन्नाशीचा समारंभ ठेवला होता, आणि पहिली बाई म्हणून माझा सत्कार. मी ठरवूनच गेले होते की माईक हातात आला की सगळं सांगून टाकायचं. सत्तरीत लाज कसली? पहिल्या रांगेत माझ्या शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. त्या काळी ते बँकेत नवे लागले होते, रविवारच्या त्या परीक्षेचे आकडे त्यांनीच लिहिले होते. लगेच त्यांची बदली झाली, ते निवृत्त होऊनच परत आले. मला म्हणाले, "वहिनी, तुमच्या सासऱ्यांचा एक किस्सा सांगू का? असला सरळ माणूस मी नोकरीत कुठं बघितला न्हाय." मी म्हटलं, सांगा. आणि ते सांगू लागले.

त्या सकाळी तुम्ही दोघंच लवकर पोचला होतात. तुम्ही पिशवीतून नळ्या काढल्यात. बदकाच्या पिसांवरून अंगठा फिरवलात आणि खाली ठेवलीत. हंसाच्या पिसांवरून अंगठा फिरवलात आणि हात तिथंच थांबला. "कोरडी ठाक," ते मला म्हणाले. "नळीवर हळदीचा कसला तरी डाग होता. तुमचे सासरे त्या डागाकडे बघतच राहिले. मला वाटलं तब्येत बिघडली की काय. म्हणालो, काय झालं काका? म्हणाले, काही न्हाय, वाफ द्यायची राहिली, मीच विसरलो. ही नळी चालायची न्हाय. मग कपाटातली दुसरी हंसाची नळी काढली, त्याच आठवड्यात घरून तयार होऊन आलेली. ती तपासली, म्हणाले, हिच्यानं खेळू. मी म्हणालो, काका, कोरडीच राहू द्या की, तुमची बदकं जिंकतील, आयतंच! तर म्हणाले, तसं जिंकून घरी काय तोंड दाखवू? आणि धोतराच्या सोग्यानं तो हळदीचा डाग पुसून टाकला. अगदी घासून घासून."

मामा, ते हसत होते आणि मी खुर्चीचे हात धरून बसले होते. त्यांना त्या डागाचा अर्थ माहीत नव्हता. त्यांच्या लेखी एक सरळ माणूस वाफ द्यायला विसरला आणि त्यानं ते कबूल केलं, एवढीच गोष्ट. पण तुम्ही शनिवारी मंद्रूपला होतात. विसरायला तुम्ही घरात तरी होतात का? विसरलेल्या नळीवर बोट नसतं. बोट लावलेली कोरडी नळी म्हणजे काय, हे जगात दोनच माणसांना कळण्यासारखं होतं.

म्हणजे निकाल खरा होता. हंसाची जरा जास्त टिकली, पण जराच, हे तुम्ही दारात उभं राहून सांगितलंत ते अक्षर अन् अक्षर खरं होतं. तुमची पारख बरोबर होती, ती मळकी फुलं खरंच चांगली होती, आणि आमचा तास आमच्या हक्काचा होता. मी पन्नास वर्षं उलटा हिशेब मांडत बसले. आधी मला राग आला, लपवत नाही. एका शब्दानं बोलला असतात, रागावला असतात, तर मी एवढी वर्षं कुढले नसते. पण तो राग चहा येईपर्यंतसुद्धा टिकला नाही. माईक हातात आला तेव्हा मी फक्त नळीला वाफ कशी द्यायची ते सांगितलं. बूच वर, पिसं खाली, दहा आकडे. मुली हसल्या, टाळ्या वाजल्या, आणि मला आतून इतकं मोकळं वाटत होतं की आणखी अर्धा तास बोलत राहिले असते.

घरी येताना रिक्षात तो पुढचा शनिवार आठवला. ते बोट राहू दे आता, तू दिली म्हणालीस की दिली. माझं बोट खोटं निघालं होतं आणि तुम्हाला ते कळलं होतं. दुसरं कुणी असतं तर त्यानं नळ्या माझ्या हातातून काढून घेतल्या असत्या. तुम्ही बोट काढून घेतलंत आणि माझा शब्द ठेवून घेतलात.

हे पत्र कुठं टाकायचं? उद्या बुधवार आहे, मुलींसाठी दोन नळ्या तयार करायच्या आहेत. बदकाच्याच आहेत, अजूनही तीच परवडतात. कागद घडी करून हळदीच्या डब्याखाली ठेवते आणि उठते. एकच राहिलं. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत वाफ गेली नव्हती, मामा.